सदस्याला काढायचा ठराव ४-० ने पास झाला, पण तेव्हा कोरम होता का?

नवी_सचिव

नमस्कार मंडळी, जरा गुंतागुंतीचं आहे त्यामुळे लांबण लागणार, आधीच सांगते. मी एका छोट्या संस्थेची सचिव आहे, सहाच महिने झालेत. आमच्या मंडळात घटनेनुसार ९ जण, पैकी एकाने दोन महिन्यांपूर्वी राजीनामा दिला, ती जागा अजून भरलेली नाही, म्हणजे सध्या आम्ही ८. यातल्या एका सदस्याकडे संस्थेचे काही कागद आणि हिशेब आहेत, तीन वेळा लेखी मागूनही त्यांनी दिले नाहीत, त्यावरून बरीच कटुता आलीय.

गेल्या सभेला ५ जण हजर होते, ते सदस्य धरून. विषयपत्रिकेत त्यांना काढायचं असं काही नव्हतं, पण शेवटी "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" मध्ये एकाने ठराव मांडला, दुसऱ्याने अनुमोदन दिलं. ते दोन मिनिटं बोलले आणि मग "तुम्हाला काय करायचं ते करा, मी निघतो" म्हणून उठून गेले. मी वेळ लिहून ठेवली, ७.२०. त्यानंतर राहिलेल्या आम्ही ४ जणांनी हात वर केले, चारही बाजूने, अध्यक्षांनी ठराव मंजूर म्हणून जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचं पत्र, की मी गेल्यावर गणपूर्ती (कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी) नव्हती, ठराव रद्द समजा. अध्यक्ष म्हणतात काही होत नाही, सभा सुरू झाली तेव्हा ५ होते ना. शिवाय गैरहजर तिघांपैकी दोघांनी ग्रुपवर "आमचाही पाठिंबा" असं टाकलंय, तर अध्यक्षांच्या मते ४ आणि २ मिळून ६ झाले, दोन-तृतीयांश पूर्ण. मला इतिवृत्त लिहायचंय आणि माझा हात चालत नाहीये. नक्की काय धरायचं?

घटनावाचक

सचिवताई, इतिवृत्त थांबवू नका, जे झालं तेच लिहा, ७.२० ची वेळ सुद्धा. ठराव टिकतो का ते नंतर ठरेल पण इतिवृत्तात जे घडलं ते जसंच्या तसं आलंच पाहिजे.

आता घटनेतली दोन कलमं शब्दशः इथे टाका. एक गणपूर्तीचं आणि एक सदस्य काढण्याचं. तुमच्या आठवणीतलं नको, वाक्य जसं छापलंय तसं. या भांडणांमध्ये सगळं एकाच गोष्टीवर येऊन ठरतं, बहुमत म्हणजे कशाचं बहुमत, आणि ते एखाद्या षष्ठीच्या प्रत्ययात लपलेलं असतं.

नवी_सचिव

टाकते, शब्दशः:

"मंडळ ९ सदस्यांचे असेल. मंडळाच्या किमान निम्म्या सदस्यांच्या उपस्थितीने गणपूर्ती होईल."

"मंडळाच्या दोन-तृतीयांश मतांनी कोणाही सदस्याला मुदतीपूर्वी दूर करता येईल."

नोटिशीबद्दल वेगळं कलम आहे, सभेची सूचना विषयांसह ७ दिवस आधी द्यावी असं. काढण्यासाठी वेगळी नोटीस वगैरे काही लिहिलेलं नाही.

घटनावाचक

धन्यवाद, आता नीट बोलता येईल.

आधी कोरम. किमान निम्मे, पण कशाचे निम्मे? ९ चे धरले तर साडेचार, माणूस अर्धा नसतो म्हणून ५. सध्या पदावर असलेल्या ८ चे धरले तर ४. म्हणजे ते सदस्य उठून गेल्यावर ९ च्या हिशेबाने तुमची गणपूर्ती मोडली आणि ८ च्या हिशेबाने टिकली. गंमत म्हणून नाही सांगत, खरंच तुमचा अख्खा वाद त्या एका रिकाम्या खुर्चीवर आहे. सर्वसाधारण सभाशास्त्रात, म्हणजे अमेरिकेत ज्याला रॉबर्ट्स रूल्स म्हणतात (हेन्री रॉबर्ट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८७६ साली पहिल्यांदा छापले, आता २०२० ची बारावी आवृत्ती चालते), त्यात "संपूर्ण सदस्यसंख्या" म्हणजे मतदानाच्या वेळी प्रत्यक्ष सदस्य असलेले लोक, रिकाम्या जागा धरत नाहीत. पण तिथेच हेही सांगितलंय की एखादी संस्था ठरलेल्या संख्येवर, म्हणजे रिकाम्या जागा धरून, अट ठेवू शकते. तुमच्या कलमात आधीचं वाक्य "मंडळ ९ सदस्यांचे असेल" आहे आणि लगेच "मंडळाच्या किमान निम्म्या", त्यामुळे ते सदस्य ९ वर अडून बसले तर त्यांच्या म्हणण्यात दम आहे. आणि तुम्ही ८ म्हणालात तर तुमच्यातही आहे. मी स्वतः अशा वेळी जड बाजू, म्हणजे ९ च, धरतो, कारण माणसाला काढताना संशयाचा फायदा काढणाऱ्यांनी घेऊ नये.

अध्यक्षांचं "सुरुवातीला ५ होते" हे अर्धवट बरोबर आहे. एकदा कोरम झाला की तो चालूच आहे असं गृहीत धरतात, कोणी हरकत घेईपर्यंत. मागाहून ठराव पाडायचा तर कोरम नव्हता याचा स्पष्ट, खात्रीचा पुरावा लागतो. पण ताई, तुम्ही ७.२० लिहिलंय, मतं ४ लिहिलीत, पुरावा तुमच्याच वहीत आहे.

पण खरं सांगू का, कोरमच्या मागे लागूच नका. त्याहून मोठी अडचण दुसऱ्या कलमात आहे.

"मंडळाच्या दोन-तृतीयांश मतांनी." इथे "उपस्थित सदस्यांच्या" असं म्हटलेलं नाही, "उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या" असंही नाही. मंडळाच्या. ८ चे दोन-तृतीयांश ५.३३, म्हणजे ६ मतं (५ चालत नाहीत, ५ म्हणजे साडेबासष्ट टक्केच होतात). ९ चे धरले तरी ६. म्हणजे कसंही मोजा, ६ हात लागतात, तुमच्याकडे ४ होते. आणि ६ मतं लागणार असतील तर त्या विषयापुरता ४ चा कोरम आहे की ५ चा हा प्रश्नच उरत नाही, खोलीत बाजूने मत देणारे ६ जण नसतील तर तो ठराव पास होऊच शकत नाही.

सरळ_बोलणारा

मला कळत नाही इतका कीस कशाला. ४ जणांनी हात वर केले, २ जणांनी ग्रुपवर लिहून दिलं, सहा झाले. ८ पैकी ६ जणांना तो माणूस नकोय हे सगळ्यांना माहितीय. तीनदा मागून कागद देत नाही, संस्थेचं काम अडलंय, आणि इथे प्रत्ययावर चर्चा. कागद अडवून बसणाऱ्याला नियमांचं संरक्षण द्यायचं आणि काम करणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा सभा भरवायच्या का?

कायद्याचा_विद्यार्थी

@सरळ_बोलणारा तुमचा राग समजतो, कागद अडवणं चूकच. पण ग्रुपवरचा पाठिंबा म्हणजे मत नाही. मत सभेत पडतं, कारण सभेत समोरच्याचं ऐकून मत बदलायची शक्यता असते. त्या दोघांनी ना ठरावाचे शब्द ऐकले, ना त्या सदस्याचं म्हणणं, त्यांना फक्त निकाल कळला आणि त्यांनी अंगठा दाखवला. घटनेत लेखी ठराव किंवा ऑनलाइन मतदान चालेल असं कलम असेल तर वेगळं, नाहीतर नाही. ब्रिटनच्या २००६ च्या कंपनी कायद्यात तर खाजगी कंपन्यांना बहुतेक ठराव कागद फिरवून सह्या घेऊन करता येतात, पण संचालकाला मुदतीआधी काढण्याचा ठराव त्यातून मुद्दाम वगळलाय, तो सभेतच करावा लागतो. माणसाला काढताना त्याला तोंडावर बोलायची संधी मिळावी म्हणूनच.

आणि "बहुमत कशाचं" यावर घटनावाचक म्हणतात ते सगळीकडे तसंच आहे. ब्रिटनमध्ये संचालक काढायला भागधारकांचा साधा ठराव पुरतो, म्हणजे पडलेल्या मतांचं बहुमत. अमेरिकेत डेलावेअरच्या कायद्यात मात्र मतदानाचा हक्क असलेल्या शेअर्सचं बहुमत लागतं, म्हणजे जो आला नाही तो आपोआप विरोधात मोजल्यासारखा होतो. एकच शब्द बहुमत, दोन्हीकडे हिशेब वेगळा. तुमच्या कलमात हा दुसरा प्रकार आहे, तटस्थ राहिलेला आणि घरी बसलेला दोघेही ठरावाच्या विरोधातच जमा.

या एका शब्दाची ताकद किती असते त्याचं उदाहरण म्हणजे बुशेल विरुद्ध फेथ, १९७० चा हाउस ऑफ लॉर्ड्सचा, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. एक भाऊ, दोन बहिणी, तिघांचे १००-१०० शेअर्स. बहिणींनी मिळून भावाला संचालकपदावरून काढायचं ठरवलं, २०० विरुद्ध १००, सरळ वाटतं. पण कंपनीच्या नियमावलीत होतं की ज्या संचालकाला काढायचा ठराव असेल त्याच्या शेअरला त्या ठरावापुरती तिप्पट मतं. त्याची झाली ३००. ठराव पडला, आणि कोर्टाने ते कलम वैध धरलं. सांगायचा मुद्दा, सभेत हात मोजण्याआधी नियमावली वाचा, सगळी.

जुना_खजिनदार

वरच्या दोघांनी एक प्रश्न विचारलाच नाही. या सदस्यांना मंडळावर निवडून कोणी दिलं? मंडळानेच घेतलं होतं की सर्व सभासदांच्या सभेने? साधारण तत्त्व असं की ज्याने नेमलं त्यानेच काढावं. सर्वसाधारण सभेने निवडून दिलेल्या माणसाला मंडळातल्या बाकीच्यांनी मिळून काढलं तर उद्या कुठलंही बहुमत निवडणुकीचा निकालच फिरवू शकेल. ताईंच्या घटनेत मंडळाला स्पष्ट अधिकार दिलेला दिसतो म्हणून इथे चालेल, पण वाचणाऱ्या बाकीच्यांनी आपली घटना तपासा. भारतात कंपन्यांच्या बाबतीत २०१३ च्या कायद्याचं कलम १६९ बघा, संचालकाला काढायचा अधिकार भागधारकांना, सभेत, विशेष सूचना देऊन आणि त्याचं ऐकून घेऊन. संचालक मंडळाने बसून सहकाऱ्याला काढलं असं तिथे होत नाही.

दुसरं, पद वेगळं आणि सदस्यत्व वेगळं. हिशेब त्यांच्याकडे का आहेत? खजिनदार म्हणून असतील आणि ते पद मंडळाने आपल्यातून दिलं असेल, तर पद काढून घेणं पुष्कळदा साध्या बहुमताने होतं, तिथे हा ६ चा डोंगर चढायची गरज नाही. कागद परत मिळवणं हाच हेतू असेल तर हा रस्ता जवळचा आहे. मी बारा वर्षं हिशेब पाहिलेत, लोक माणूस काढायला धावतात आणि बँकेतली सही बदलायची राहून जाते.

नवी_सचिव

@जुना_खजिनदार हो, ते खजिनदारच आहेत!! निवड सर्व सभासदांनी ९ जणांची केली आणि मग मंडळाने आपापसात पदं वाटली. पदाबद्दल घटनेत फक्त "मंडळ आपल्यातून पदाधिकारी निवडेल" एवढंच आहे, मुदत वगैरे नाही. हे मला सुचलंच नव्हतं.

जुना_खजिनदार

मग तर झालं. मुदत लिहिलेली नाही, निवड मंडळाची, तर बदलही मंडळच करणार. सभाशास्त्राच्या त्याच पुस्तकाप्रमाणे आधीचा निर्णय फिरवायला आधी सूचना दिली असेल तर पडलेल्या मतांचं साधं बहुमत पुरतं, सूचना नसेल तर दोन-तृतीयांश किंवा संपूर्ण सदस्यसंख्येचं बहुमत. नोटिशीची किंमत बघा, तोच ठराव सूचना दिली की सोपा होतो आणि न देता आणला की अवघड.

एक_माजी_सदस्य

मी सहसा लिहीत नाही पण आज लिहितो कारण मी त्या दुसऱ्या खुर्चीत बसलोय. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या मंडळावरून मला काढलं, असंच, ऐनवेळच्या विषयात. चहा संपत आला होता, लोक पिशव्या आवरत होते आणि कोणीतरी कागद काढून वाचायला लागलं. माझ्यावरचे चार आरोप होते, त्यातले दोन खरे होते हे मी आजही मान्य करतो, मी कामात ढिला पडलो होतो, घरचं आजारपण होतं आणि मी कोणाला सांगितलं नव्हतं. पण उरलेल्या दोन आरोपांचं उत्तर माझ्या घरी फाइलमध्ये होतं आणि मला ते आणायला एक दिवस सुद्धा मिळाला नाही. हात वर झाले, मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होतो, दोघांनी माझ्याकडे न बघता हात वर केला.

मला पद गेल्याचं दुःख झालं नाही, खरंच नाही. विचारलं असतं तर मीच सोडलं असतं. पण त्या सभेनंतर ज्या लोकांबरोबर दहा वर्षं काम केलं त्यांच्याशी बोलणं संपलं, आणि गावभर दोन खोट्या गोष्टी खऱ्या म्हणून राहिल्या कारण इतिवृत्तात तेवढंच होतं. म्हणून सचिवताई, तुमचे ते सदस्य उठून गेले ते मला उद्धटपणाचं वाटत नाही. ऐनवेळी समोर काहीच तयारी नसताना माणूस दुसरं काय करणार.

कागद त्यांनी द्यायलाच हवेत, त्यात दुमत नाही. पण त्यांना लेखी कळवा की अमुक तारखेला हा विषय आहे, ही कारणं आहेत, तुम्ही या आणि बोला.

कायद्याचा_विद्यार्थी

@एक_माजी_सदस्य मनापासून लिहिलंत. तुम्ही म्हणताय त्याला कायद्यातही मोठा आधार आहे. ब्रायटनच्या पोलीस प्रमुखाला तिथल्या समितीने त्याची बाजू न ऐकता काढलं होतं, रिज विरुद्ध बाल्डविन, १९६३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो निर्णयच रद्दबातल ठरवला. "ऐकून तरी काय फरक पडला असता, कारणं तर उघड होती" हा युक्तिवाद तिथे चालला नाही. @सरळ_बोलणारा, हे तुमच्या प्रश्नाचं पण उत्तर आहे. सहा जणांना तो माणूस नको हे माहीत असणं आणि सहा जणांनी त्याचं ऐकून मग तसं ठरवणं, यात फरक आहे.

सरळ_बोलणारा

ठीक आहे, ऐकायला द्या, त्याला माझा विरोध नाही. पण मग नोटीस देऊन बोलावलं आणि तो परत उठून गेला तर? प्रत्येक वेळी उठून जाऊन कोरम मोडायचा हाच धंदा होईल.

घटनावाचक

तो जाऊ शकतो, कोणाला सभेत बांधून ठेवता येत नाही. पण पुढच्या वेळी त्याच्या जाण्याने काही अडणार नाही, कारण काढायला ६ मतं हवीत आणि ती ६ माणसं खोलीत असतील तर तो नसतानाही कोरम आपोआप पूर्ण आहे, ९ ने मोजा की ८ ने. तो कोरम मोडू शकला कारण तुम्ही चारच होता. उठून जाणाऱ्यावर उपाय एकच, ठरावाच्या बाजूच्या लोकांनी घरी बसून अंगठे न पाठवता सभेला यायचं.

आणि संधी देणं आपलं काम, घेणं त्याचं. बोलावूनही आला नाही किंवा आला आणि गेला, तर तसं इतिवृत्तात लिहा आणि पुढे चला.

आणखी दोन गोष्टी. त्यांना स्वतःबद्दलच्या ठरावात मत देता येतं का यावर घटनेत काही नसेल तर "तुम्ही मत देऊ नका" अशी सक्ती करायला जाऊ नका. त्यांनी दिलं तरी एक विरोधी मत, तुमच्या ६ मधून ते कमी होत नाही. पण म्हणून त्यांना वगळून "आता आम्ही ७, सात चे दोन-तृतीयांश ५" असा हिशेब मात्र करू नका, कलम तसं म्हणत नाही. आणि अध्यक्षांचं मत. इतक्या छोट्या मंडळात अध्यक्षही सगळ्यांसारखं मत देतात, पण काही ठिकाणी अध्यक्षांना फक्त समसमान झाल्यावर निर्णायक मत असतं. तुमच्याकडे तसं असेल तर मागच्या सभेतली ४ सुद्धा ३ च निघतील.

नवी_सचिव

अध्यक्षांच्या मताबद्दल तसं काही बंधन नाही, बघितलं.

मंडळी, चार दिवसांनी परत येतेय. अध्यक्षांशी बोलले, सुरुवातीला चिडले, मग मी कलम समोर ठेवलं आणि "मंडळाच्या" या शब्दावर बोट ठेवलं तेव्हा गप्प झाले. मागचा ठराव आवश्यक मतं न पडल्याने नामंजूर, अशी दुरुस्ती अध्यक्ष स्वतः पुढच्या सभेत जाहीर करतील. ते सदस्य म्हणून पदावर आहेत असं पत्र त्यांना दिलंय. नवीन सभेची नोटीस काढलीय, ७ ऐवजी १५ दिवसांची, दोन विषय वेगवेगळे लिहिलेत, एक खजिनदार बदलणे आणि दुसरा सदस्यत्व. कारणं लिहिलीत, तीन मागणीपत्रांच्या तारखांसह, आणि लेखी उत्तर द्यायचं असेल तर ते सगळ्यांना वाटू असंही लिहिलंय. मतदान गुप्त घेऊ, चिठ्ठ्या मी आत्ताच कापून ठेवल्यात.

एक झालंय. ग्रुपवर पाठिंबा देणाऱ्या दोघांपैकी एकीचा काल फोन आला, म्हणाली नोटीस वाचली, मी येणार आहे पण आधी त्यांचं ऐकेन मग ठरवेन. म्हणजे आता माझ्याकडे पक्की ५ च आहेत. अध्यक्षांना अजून सांगितलं नाहीये. सांगावं का?

एक_माजी_सदस्य

तिचं मत तिला सभेत सांगू द्या ताई, तुम्ही सचिव आहात, मतं मोजून ठेवणं सभेनंतर.

जुना_खजिनदार

बरोबर. आणि पहिला विषय आधी घ्या, खजिनदार बदलण्याचा, त्याच ठरावात नव्या खजिनदाराचं नाव, बँकेतल्या सह्या आणि कागद कोणत्या तारखेपर्यंत कोणाकडे द्यायचे ते सगळं लिहा. ते मंजूर झालं आणि कागद आले तर दुसरा विषय मांडणाऱ्याला विचारून बघा, अजून मांडायचाय का.